ह्यूगो ब्राइटनर आणि लाल व्हिएन्नाची तिजोरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या ऑस्ट्रियाच्या समाजवाद्यांविषयी वाचायला लागलं, की ओटो बाउअर, कार्ल झाइट्झ, कार्ल रेनर ही नावं लगेच भेटतात. ह्यूगो ब्राइटनर यांचं नाव बरंच उशिरा येतं, तेही तळटीपेत. माझं आयुष्य जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेलं. त्यामुळे असेल, पण मला त्या सगळ्या मंडळींत सर्वांत मोठं काम याच माणसाचं वाटतं. त्यांच्याविषयी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ब्राइटनर कोण होते, थोडक्यात सांगाल का?

१९१९ ते १९३२ या काळात व्हिएन्ना शहराचा अर्थविभाग सांभाळणारे सोशल डेमोक्रॅट नगरसेवक. आपल्याकडच्या स्थायी समितीच्या अध्यक्षापेक्षा त्यांचं पद बरंच वजनदार होतं, कारण १९२२ पासून व्हिएन्ना हे शहरही होतं आणि राज्यही. म्हणजे ते एकाच वेळी पालिकेचे खजिनदार आणि एका राज्याचे अर्थमंत्री होते. समाजवाद्यांच्या सत्तेमुळे 'लाल व्हिएन्ना' म्हणून जे शहर जगभर गाजलं, त्याची घरं, दवाखाने, बालवाड्या, पोहण्याचे तलाव या सगळ्याचा पैसा त्यांनी उभा केला.

बँकेतला माणूस समाजवाद्यांकडे कसा वळला?

जन्म ९ नोव्हेंबर १८७३, व्हिएन्नातलाच, ज्यू कुटुंबातला. व्यापारी शिक्षण घेऊन ते लेंडरबांक या मोठ्या बँकेत चिकटले आणि एकेक पायरी चढत संचालकांच्या फळीत पोहोचले. पण चढताना त्यांनी खालच्या टेबलांकडे पाठ फिरवली नाही. बँकेतल्या कारकुनांची संघटना बांधण्यात ते पुढे होते. पांढरपेशा नोकरदाराने युनियन करणं त्या काळी कमीपणाचं मानलं जाई, हे लक्षात घेतलं म्हणजे या गोष्टीचं मोल कळतं.

१९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं. त्याच सुमारास ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षात आले आणि लगोलग नगरसभेतही. पक्षाकडे वक्ते होते, विचारवंत होते, संपादक होते. मोठ्या संस्थेचा ताळेबंद आतून पाहिलेला माणूस मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतका दुर्मीळ. त्यामुळे ४ मे १९१९ च्या निवडणुकीत, जी स्त्री-पुरुष सर्वांना समान मताधिकार देऊन झालेली शहराची पहिली निवडणूक होती, पक्षाला १६५ पैकी १०० जागा मिळाल्या आणि याकोब रॉयमान महापौर झाले, तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या यावर फार खल करावा लागला नसणार.

तेव्हा शहराची आर्थिक स्थिती कशी होती?

तिजोरीत खडखडाट. पाच कोटींहून जास्त लोकसंख्येच्या साम्राज्याची ही राजधानी रातोरात ६५ लाखांच्या एका छोट्या देशाची राजधानी झाली होती. कोळसा बोहेमियातून यायचा, धान्य हंगेरीतून. मध्ये आता परक्या देशांच्या सीमा आल्या. लोक उपाशी होते, क्षयाने घराघरांत ठाण मांडलं होतं. क्षयाला युरोपात 'व्हिएन्नाचा रोग' म्हणत, यावरून कल्पना यावी. त्यात महागाई अशी, की सकाळी ठरवलेला कराचा दर गोळा होईपर्यंत कवडीमोल व्हायचा.

महागाईने एक काम मात्र केलं. शहरावर असलेलं जुनं कर्ज तिने जवळजवळ पुसून टाकलं. आधीचे महापौर कार्ल लुएगर यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९१० पर्यंत, गॅस, वीज आणि ट्राम शहराने ताब्यात घेतल्या होत्या, आणि तो सगळा विस्तार कर्जावर झाला होता. ब्राइटनर यांनी यातून जो धडा घेतला तो पुढे त्यांच्या धोरणाचा कणा झाला: घरांसारख्या गोष्टी उसनवारीवर बांधायच्या नाहीत.

व्हिएन्ना वेगळं राज्य झालं, त्याचा इथे काय संबंध?

मला विचाराल तर सगळा संबंध तिथेच आहे. व्हिएन्ना आधी लोअर ऑस्ट्रिया या प्रांताचा भाग होतं. १९२० च्या राज्यघटनेने वेगळं होण्याची वाट मोकळी केली आणि १ जानेवारी १९२२ पासून व्हिएन्ना स्वतंत्र संघराज्य झालं. गंमत म्हणजे ही फारकत दोन्ही बाजूंना हवी होती. खेड्यापाड्यांतल्या कॅथलिक, पुराणमतवादी शेतकऱ्यांना लाल शहराचं ओझं मानेवर नको होतं, आणि शहराला त्यांचा लगाम नको होता.

राज्य झाल्यावर नगरसभा हीच विधानसभा ठरली. सभागृह तेच, माणसं तीच, पण आता त्यांना स्वतःचे कर बसवण्याचा अधिकार. कुठल्याही महापालिकेचं दुखणं असं असतं, की कामं तिच्या गळ्यात आणि कराचे अधिकार वरच्या सरकारकडे. व्हिएन्नाला बाराएक वर्षांपुरतं या दुखण्यातून सुटता आलं. त्या सुटकेचं सोनं करणारा माणूस नेमका तेव्हा खुर्चीत होता.

गृहनिर्माण कर नेमका कसा आकारला जायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

युद्धाआधीही शहराचं मोठं उत्पन्न घरभाड्यावरच्या करातूनच यायचं. पण तो कर एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगारालाही चांगलाच जाचायचा. कर घरमालक भरत असला तरी वसूल भाडेकरूकडूनच व्हायचा. १९१७ पासून भाडेनियंत्रण आलं, पुढे महागाई आली, आणि भाडी इतकी नगण्य झाली की त्यांच्यावरचा करही नगण्य झाला. ब्राइटनर यांनी भाडं हाच पाया कायम ठेवला, मात्र कराचा उतार उलटा केला.

१९२३ च्या सुरुवातीला आलेला हा कर शहरातल्या प्रत्येक घरावर आणि दुकान-कचेरीवर होता. मोजमाप होतं १९१४ चं भाडं, कारण महागाईने बिघडलेल्या आकड्यांपेक्षा तो आकडा भरवशाचा. लहान घराला नाममात्र कर. घर जसं मोठं, तसा दर चढत जायचा, आणि राजवाड्यासारख्या घरांपाशी तो गगनाला भिडायचा. परिणाम असा, की सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का जागांकडून या कराचं साधारण ४५ टक्के उत्पन्न येत होतं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. अर्धा टक्का म्हणजे दोनशे घरांत एक. शंभर रुपये जमले तर त्यातले पंचेचाळीस त्या एका घराने दिले, उरलेले पंचावन्न बाकीच्या एकशे नव्व्याण्णवांनी मिळून. आणि तरीही कर सगळ्यांवर होता. कामगारही थोडाबहुत भरत होता. हे जाणूनबुजून केलेलं होतं, आणि मला ते पटतं. ज्याने चार पैसे का होईना दिले, तो त्या इमारतीकडे 'ही आमची' म्हणून बघतो.

आणखी एक बारकावा. या कराचा पैसा फक्त घरांसाठी राखून ठेवलेला होता. सर्वसाधारण खात्यात टाकून कुठेही वळवायला मुभा नव्हती. खर्च अर्थातच या एका कराने भागत नसे. बाकीची रक्कम इतर करांतून आणि केंद्राकडून येणाऱ्या वाट्यातून भरून निघे.

'ब्राइटनर कर' म्हणून जे ओळखले जात ते कोणते?

विरोधकांनी दिलेलं नाव ते, पण पुढे तेच रूढ झालं. चैनीवरचे कर म्हणा ना. मोटारगाडी, शर्यतीचे घोडे, महागडी उपाहारगृहं, शँपेन, नाटक-सिनेमा आणि मुष्टियुद्धाची तिकिटं, पाळीव कुत्रे. घरी एक नोकर असेल तर कर नाही. दुसऱ्यापासून सुरू, आणि नोकर वाढतील तसा भराभर वाढत जाणारा. जमिनीची किंमत मालकाने काही न करता वाढली, तर त्या वाढीवरही कर. शिवाय मालकांनी दिलेल्या एकूण पगारावर कल्याण कर होता, साधारण ४ टक्के. बँकांना तो दुप्पट दराने. बँकेतून आलेल्या माणसाने बँकांवर दुप्पट कर बसवला, हे बँकवाले कधी विसरले नाहीत.

ब्राइटनर हा हिशेब लोकांपुढे कसा मांडत, ते बघण्यासारखं आहे. शाळांमधल्या दंतचिकित्सालयांचा खर्च डेमेल, गेर्स्टनर, स्लुका आणि लेहमान ही चार बडी मिठाईची दुकानं देतात. शाळांतल्या डॉक्टरांचा पगार झाखर हॉटेलच्या जेवणावरच्या करातून निघतो. ग्रँड, ब्रिस्टल आणि इम्पीरियल या हॉटेलांच्या कराने मुलांसाठीचे उघड्यावरचे पोहण्याचे तलाव चालतात. शहराचं प्रसूतिगृह तासावर खोल्या देणाऱ्या लॉजांच्या करातून बांधलं, आणि ते चालवण्याचा खर्च घोड्यांच्या शर्यतींच्या करातून जॉकी क्लब देतो.

अंदाजपत्रक लोकांना समजावून सांगण्याचा याहून चांगला नमुना मला आजवर सापडलेला नाही. केक खाऊन किडलेले दात केकच्या कराने दुरुस्त होतात, हे कुठल्याही आईला एका वाक्यात कळतं. आमच्या धंद्यात लोक आकड्यांचे ढीग रचतात आणि वर तक्रार करतात, की लोकांना अर्थकारणात गोडी नाही.

घरांसाठी कर्ज का काढलं नाही?

कारण व्याज शेवटी भाड्यात उतरतं. चालू वर्षाच्या करातून घर बांधलं की ते पहिल्या दिवशीच शहराच्या मालकीचं आणि बिनकर्जाचं. मग भाडं ठरवताना भांडवल वसूल करायची गरज उरत नाही. देखभाल आणि दुरुस्ती निघाली म्हणजे झालं. त्यामुळे या घरांचं भाडं कामगाराच्या कमाईच्या साधारण ४ टक्क्यांवर येऊन ठेपलं. युद्धाआधी हाच कामगार मिळकतीचा पाचवा-चौथा हिस्सा घरमालकाच्या हातावर ठेवत होता.

गॅस, वीज, ट्राम यांनाही हेच सूत्र लावलं गेलं. लुएगर यांच्या काळात या सेवांच्या नफ्यातून शहर चाले. ब्राइटनर यांनी ठरवलं, की दर खर्च भागेल एवढेच ठेवायचे. दिवा लावणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून गुपचूप कर काढायचा नाही.

जमिनीचंही असंच. भाडेनियंत्रणामुळे इमारती बांधून नफा मिळण्याची आशा संपली होती, जमिनीचे भाव पडले होते. शहर शांतपणे जमिनी विकत घेत राहिलं.

प्रत्यक्षात किती घरं झाली?

२१ सप्टेंबर १९२३ रोजी नगरसभेने पाच वर्षांत २५,००० घरांचा संकल्प सोडला. तो मुदतीच्या बराच आधी, १९२६ मध्येच पुरा झाला. मग १९२७ मध्ये आणखी ३०,००० घरांचा ठराव झाला. १९३४ पर्यंत एकूण आकडा ६० हजारांच्या पुढे गेला होता. सुमारे १८ लाख ७० हजार वस्तीच्या शहरात ही संख्या लहान नाही.

ती घरं होती तरी कशी?

आधी जुनी घरं डोळ्यांपुढे आणा. कामगारवस्तीतल्या भाड्याच्या इमारतींत एक खोली आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची खिडकी उघडायची ती बाहेरच्या सामाईक बोळात, त्यामुळे उजेड नाही, वारा नाही. नळ बोळात, चाळीतल्यासारखा मजल्यामागे एक. त्याला तिकडे 'बासेना' म्हणतात आणि तिथे बायका भांडायच्याही, बोलायच्याही. संडास बोळाच्या टोकाला, चार-पाच बिऱ्हाडांत एक. १९१७ च्या पाहणीत कामगारांच्या लहान घरांपैकी ९५ टक्के घरांत नळ नव्हता आणि ९२ टक्के घरांत स्वतःचा संडास नव्हता. एवढं करूनही भाडं परवडत नसे, म्हणून घरातली एक खाट परक्या माणसाला झोपण्यापुरती भाड्याने द्यायची पद्धत होती. रात्रपाळीचा कामगार दिवसा येऊन झोपायचा, त्याच अंथरुणावर रात्री दुसरा.

नव्या घरांचं क्षेत्रफळ आज ऐकून हसू येईल: बहुतेक ३८ चौरस मीटर, काही ४८. पण दार उघडलं की आधी छोटी पडवी, मग आत स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, गॅस आणि प्रत्येक खोलीला खिडकी. आणि ती खिडकी बोळात न उघडता झाडं लावलेल्या मोठ्या चौकात उघडायची. जमिनीचा बराच मोठा भाग मोकळा सोडलेला असे. मुलं खेळायची तिथे, आणि जिन्यांची दारंही रस्त्याकडून नाही तर या चौकातूनच. घरी येणारा प्रत्येक जण बाकीच्यांच्या नजरेखालून जायचा, त्यामुळे शेजार आपोआप जमला.

न्हाणीघर घरात नव्हतं. त्याऐवजी वसाहतीत सामाईक स्नानगृहं आणि धुलाईघरं होती. धुलाईघरात प्रत्येक घराला ठरलेला दिवस. जिने आयुष्यभर स्वयंपाकाच्या चुलीवर कपडे उकळले आणि त्याच ओल्या वाफेत मुलं झोपवली, तिच्यासाठी गरम पाण्याचा नळ, यंत्र आणि वाळवणाची कोरडी खोली म्हणजे काय असेल! लोक कार्ल-मार्क्स-होफची लांबी सांगतात: एक किलोमीटरहून जास्त, १,३८२ घरं, वास्तुरचनाकार कार्ल एन, १९३० मध्ये उद्घाटन. मला त्या लांबीपेक्षा त्यातली दोन धुलाईघरं महत्त्वाची वाटतात.

घर मिळायचं कोणाला?

गरज पाहून गुण देण्याची पद्धत होती. सध्याचं घर राहण्यालायक नाही, माणसं जास्त आहेत, घरात आजारपण आहे, अशा गोष्टींना गुण. पक्षाच्या लोकांना झुकतं माप मिळतं, अशी ओरड विरोधक करत. पक्षाचे व्हिएन्नात सुमारे चार लाख सभासद होते. तेव्हा घर मिळालेल्यांत सभासद बहुसंख्य असणं साहजिक होतं, पण वशिल्याचा संशय पूर्णपणे कधी गेला नाही, हेही सांगायला हवं.

म्हणजे सगळं एकट्या ब्राइटनर यांनीच केलं का?

नाही. आरोग्य आणि समाजकल्याण युलिउस टांडलर यांच्याकडे होतं. ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. प्रत्येक नवजात बाळाला शहरातर्फे कपड्यांची पेटी द्यायची योजना त्यांची, १९२७ पासूनची. व्हिएन्नातलं कोणतंही मूल जन्मताच वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलं जाता कामा नये, हा त्यामागचा विचार. पेटी सर्वांना मिळे, गरीब-श्रीमंत बघून नाही, म्हणजे घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नसे. शाळासुधारणा ओटो ग्लॉकेल यांची. करांच्या कायद्यांची बांधणी आणि घटनात्मक बाजू रोबर्ट डानेबेर्ग यांची, आणि हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. १९२३ पासून महापौर कार्ल झाइट्झ. हे सगळे स्वप्नं घेऊन ब्राइटनर यांच्या टेबलापाशी येत, आणि ब्राइटनर पैशाच्या बाबतीत काटकसरी म्हणून प्रसिद्ध होते.

विरोधकांच्या टीकेत काही तथ्य होतं का?

काही होतं. भाडेनियंत्रणामुळे खासगी घरबांधणी जवळजवळ ठप्प झाली. अर्थतज्ज्ञ फ्रीड्रिख हायेक त्याच शहरात राहून या धोरणावर टीका करत होते, आणि नियंत्रणामुळे लोक जुन्या घरांना चिकटून बसतात, कामासाठी जागा बदलत नाहीत, हा त्यांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नव्हता. पगारावरचा कल्याण कर कारखानदारांना बोचत होता, आणि बेकारी वाढत असताना माणूस कामावर ठेवण्यावरच कर असणं ही अडचण होतीच. करमणूक कराने नाट्यगृहं हैराण होती.

पण टीका एवढ्यावर थांबली असती तर ती लोकशाहीतली रोजची टीका ठरली असती. वर्तमानपत्रं ब्राइटनर यांना 'कर-बोल्शेविक' म्हणू लागली. एका बँकरला बोल्शेविक म्हणायचं! त्यांच्या ज्यू असण्यावरून व्यंगचित्रं निघू लागली. घोड्यांवरचा कर हा वाद राहिला नाही, तो बसवणारा माणूस 'परका' ठरवण्याचा खेळ सुरू झाला.

डोकं उडवण्याची धमकी त्यांना कोणी दिली होती?

हाइमवेर या निमलष्करी संघटनेचा पुढारी राजपुत्र एर्न्स्ट रूडिगर श्टारहेमबेर्ग याने. ऑक्टोबर १९३० मध्ये व्हिएन्नाच्या हेल्डनप्लाट्झ चौकात त्याने जाहीर सभेत सांगितलं, की या आशियाईचं डोकं वाळूत लोळेल तेव्हाच आपला विजय होईल. बोलणारा कोणी गल्लीतला गुंड नव्हता. त्या दिवशी तो ऑस्ट्रियाचा गृहमंत्री होता. ज्याच्या हाताखाली पोलीस, तोच शहराच्या अर्थप्रमुखाचं डोकं मागत होता. 'आशियाई' हा शब्द ज्यूंसाठीची शिवी म्हणून वापरला होता. त्याच महिन्यात, १२ ऑक्टोबरला, झाइट्झ यांनी कार्ल-मार्क्स-होफचं उद्घाटन करताना म्हटलं, की आम्ही नसू तेव्हा हे दगड आमच्या वतीने बोलतील.

१९३२ मध्ये त्यांनी पद का सोडलं?

जाहीर कारण प्रकृतीचं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण तोवर पायाखालची जमीनही सरकली होती. मे १९३१ मध्ये क्रेडिटआनश्टाल्ट ही देशातली सर्वांत मोठी बँक कोसळली. मंदीत चैनच आटली, तर चैनीवरचा कर कुठून येणार? त्याच वर्षी केंद्र सरकारने करवाटपाचा कायदा बदलून व्हिएन्नाचा वाटा कापला. बांधकामाचा वेग मंदावला. एप्रिल १९३२ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांनी १०० पैकी ६६ जागा राखल्या, पण नाझींनी एकदम १५ जागा घेऊन सभागृहात पाऊल ठेवलं. नोव्हेंबरमध्ये ब्राइटनर पायउतार झाले आणि त्यांच्या जागी डानेबेर्ग आले.

कर्ज नको, चालू करातूनच सगळं, हे धोरण चांगल्या दिवसांत जेवढं मजबूत होतं तेवढंच वाईट दिवसांत उघडं पडणारं होतं. उत्पन्न आटलं की काम थांबणार. असं असूनही मी त्यांच्या बाजूने आहे, कारण थांबलेलं काम पुन्हा सुरू करता येतं. कर्जात बुडालेलं शहर आणि सावकाराच्या ताब्यात गेलेली घरं परत मिळवणं त्याहून कितीतरी अवघड.

फेब्रुवारी १९३४ मध्ये काय झालं?

मार्च १९३३ मध्ये चान्सलर एंगेलबेर्ट डॉलफुस यांनी संसद बंद पाडली आणि १९१७ च्या युद्धकालीन कायद्याच्या आधारे वटहुकूम काढून कारभार सुरू केला. त्यातले काही वटहुकूम सरळ व्हिएन्नाच्या पैशावर हात टाकणारे होते. १२ फेब्रुवारी १९३४ ला सरकार आणि सोशल डेमोक्रॅट कामगार यांच्यात सशस्त्र संघर्ष पेटला. सरकारने कामगारांच्या वसाहतींवर तोफा चालवल्या, कार्ल-मार्क्स-होफवरही. कराच्या पैशाने बांधलेल्या स्वयंपाकघरांत तोफगोळे पडले. झाइट्झ यांना नगरभवनातून अटक झाली, पक्षावर बंदी आली, नऊ जणांना फाशी दिली गेली. पद सोडून वर्ष उलटलेल्या ब्राइटनर यांनाही पकडण्यात आलं. कार्ल-मार्क्स-होफचं नावसुद्धा बदललं.

या व्हिएन्नाकडे कोणा भारतीयाचं लक्ष गेलं होतं का?

हो. १९३३ मध्ये सुभाषचंद्र बोस उपचारांसाठी व्हिएन्नात होते. ते आधी कलकत्त्याचे महापौर राहिलेले, त्यामुळे शहराचा कारभार कसा चालतो हे जाणणारे. ते महापौर झाइट्झ यांना भेटले, इथलं काम बघून भारावले आणि कर्ज न काढता करांतून केलेल्या घरबांधणीविषयी त्यांनी कलकत्त्याच्या महापौरांना कळवलं. त्याच वेळी विठ्ठलभाई पटेलही व्हिएन्नात होते, आणि त्यांनी मुंबई महापालिकेचं अध्यक्षपद भूषवलेलं होतं. आपल्या दोन मोठ्या शहरांचे माजी प्रथम नागरिक एकाच वेळी त्या गावात होते, लाल व्हिएन्नाचे जेमतेम काही महिने उरले असताना.

पुढे ब्राइटनर यांचं काय झालं?

१९३८ मध्ये त्यांनी देश सोडला. फ्लॉरेन्स, मग पॅरिस, आणि अखेर अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं क्लेअरमाँट. ज्यांनी त्यांची खुर्ची घेतली त्या डानेबेर्ग यांना निसटता आलं नाही. नाझींनी त्यांना पकडलं आणि १९४२ मध्ये आउशविट्झ इथे त्यांचा अंत झाला. टांडलर त्याआधीच, १९३६ मध्ये, मॉस्कोत वारले होते. युद्ध संपल्यावर ब्राइटनर परतीच्या तयारीत होते. ५ मार्च १९४६ रोजी क्लेअरमाँटमध्येच त्यांचं निधन झालं. वय ७२. ज्या शहराच्या पै पैचा हिशेब त्यांनी ठेवला, ते त्यांना पुन्हा दिसलं नाही.

पेंझिंग भागात १९५० च्या दशकात उभी राहिलेली एक मोठी वसाहत त्यांच्या नावाने आहे. व्हिएन्ना शहराच्या मालकीची आज सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत.

या इमारतींवर मोठ्या लाल अक्षरांत जे लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

फोटोंमुळे हा प्रश्न हमखास येतो. त्या काळातल्या बहुतेक इमारतींच्या दर्शनी भिंतीवर, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीला, ठळक अक्षरांत एक वाक्य बसवलेलं दिसतं: व्हिएन्ना नगरपालिकेने गृहनिर्माण कराच्या निधीतून अमुक साली बांधले. वर्ष बदलतं, वाक्य तेच राहतं. पैसा कुठून आला हे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाचता येतं. कर बसवणाऱ्याचं नाव त्यात नाही.